पाय न टेकता

जळगावच्या मुलींच्या शाळेत मी जन्मभर भूमिती शिकवली. त्यामुळे कुणी चुकीचं बोललं की दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. लग्नाच्या पंगतीत असो, बसमध्ये असो, नाहीतर बँकेच्या रांगेत. लोक मला टाळतात ते त्यामुळेच, आणि मला त्याचं काही वाटत नाही. शेजारचे दलिचंदभाऊ मात्र टाळत नाहीत. टाळतील कसे? त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच आहे.

दलिचंदभाऊंचं दाणाबाजारात बारदानाचं दुकान आहे. नवी पोती, जुनी पोती, ठिगळ लावलेली पोती. माणूस इतका भित्रा की विचारू नका. गॅसची टाकी बदलायला बायको, मंजूभाभी, पुढं आणि हे अंगणात. रस्ता ओलांडायचा तर दुसरं कुणी ओलांडणारं भेटेपर्यंत कडेला उभे राहायचे. स्कूटर घेतली होती एकदा, ती गोदामात पोत्यांखाली गेली. असा माणूस साठी उलटल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनी, फ्रीव्हील नसलेल्या सायकलवर बसायला लागला म्हटल्यावर गल्लीनं तोंडात बोटं घातली नसती तरच नवल.

सायकल त्यांच्या मुलीची, जिनलची. एकुलती एक. माझ्या हाताखाली शिकली, प्रमेयं घडाघडा सोडवायची आणि सोडवून झाली की खिडकीबाहेर बघत बसायची. पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली आणि तिथल्या पोरापोरींच्या नादानं तिनं ही सायकल जुळवून घेतली. काळी, सडपातळ, अंगावर नावाला काही नाही. 'फिक्सी' म्हणायची ती तिला.

दिवाळीला ती सायकल घेऊन आली तेव्हा तिनं आम्हाला सगळं समजावून सांगितलं. आपल्या सायकलला मागच्या चाकात फ्रीव्हील असतं, म्हणून उतार आला की आपण पाय थांबवून नुसते बसू शकतो. हिला ते नाही. मागचं दातेरी चक्र चाकालाच घट्ट बसवलेलं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर पाय. थांबायचं तर पायांनीच चाक आवरायचं. उलटा जोर दिला तर सायकल चार बोटं मागंसुद्धा जाते.

"ब्रेक?" दलिचंदभाऊंनी घाबरून विचारलं होतं.

"पुढं एक आहे ना. पण लागत नाही फारसा, पप्पा."

पुण्यात सिग्नलला सगळे पाय टेकून उभे असतात तेव्हा ही पोरगी सायकलवरच उभी राहायची. पुढचं चाक जरा तिरकं करायचं, पायांनी सायकल किंचित पुढं, किंचित मागं घ्यायची, आणि जागच्या जागी तोल धरायचा. आमच्या अंगणात तिनं ते करून दाखवलं, आणि मग वडिलांना बळंच सीटवर चढवलं. मागून सीट धरून ती उभी. दलिचंदभाऊंचे डोळे खाली चाकावर, चेहरा सिलिंडर बदलताना असतो तसा.

"पप्पा, चाकाकडं बघू नका. समोर बघा. मी धरलंय."

मी बाजूलाच उभी राहून हे बघत होते. दलिचंदभाऊ मोजून दोन श्वास सायकलवर राहिले असतील, मग उतरले आणि म्हणाले, "आपल्याला नाही जमायचं." पुढं कितीतरी दिवस दुकानात येईल त्याला सांगत होते, पोरीनं मला सायकलवर बसवलं म्हणून.

त्यानंतर दोन वर्षांनी जिनलनं जैन साध्वीची दीक्षा घेतली.

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही, आणि हे मी दलिचंदभाऊंच्या तोंडावर सांगितलेलं आहे. सव्वीस वर्षांची हुशार पोर पांढरी वस्त्रं नेसून, अनवाणी, तोंडाला मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधून गावोगाव चालत निघणार. फोन नाही, घर नाही, आई नाही, बाप नाही. दीक्षेआधी ती माझ्या पाया पडायला आली तेव्हा मी तिला चांगलंच झापलं. ती हसली आणि म्हणाली, "बाई, रागवा. पण मी पळून जात नाहीये हो." मग मला रडू आलं, आणि तिनंच मला पाणी आणून दिलं. माझ्याच घरातलं.

आपलं सगळं तिनं वाटून टाकलं. कपडे, पुस्तकं, लॅपटॉप चुलतबहीण आयुषीला. सायकल तेवढी कुणाला दिली नाही. "ही पप्पांची," म्हणाली. दलिचंदभाऊंनी ती पोत्यांत गुंडाळून गोदामात टांगून ठेवली. जिनल निरामयाश्रीजी महासती झाली आणि मोठ्या गुरुणीजींबरोबर निघून गेली. पहिली काही वर्षं त्यांचा मार्ग आमच्या बाजूला फिरकलाच नाही.

एक गोष्ट मात्र त्या माणसाच्या पोटात घर करून बसली. जैन साधू-साध्वी कुठल्याच वाहनात बसत नाहीत. चातुर्मासाचे महिने एका गावी राहायचं आणि बाकी वर्षभर चालायचं. ते आता हमरस्त्यानं चालायचं, जिथं चौपदरीवरून ट्रक सुसाट जातात. कधीमधी पेपरात बातमी येते. अशी बातमी आली की मंजूभाभी पेपर लपवायच्या, आणि दलिचंदभाऊ तो माझ्याकडून मागून न्यायचे. "बाई, बाकी काही नाही," एकदा ते म्हणाले, "पण जो माणूस रस्ता ओलांडायला घाबरतो त्याची पोर जन्मभर रस्त्यावर. हे काय झालं?" मी पेपरची घडी करून त्यांच्या हातात दिली.

मागल्या वर्षी गुरुणीजींचा चातुर्मास भुसावळला लागला. म्हणजे अगदी जवळ. दोघं नवराबायको दर्शनाला गेली. गर्दीत बसली, वंदन केलं. निरामयाश्रीजींनी हात वर करून "दया पालो" म्हटलं, सगळ्यांना म्हणतात तसंच. "धर्मध्यान कसं चाललंय?" विचारलं, सगळ्यांना विचारतात तसंच. मुहपत्तीच्या वर फक्त डोळे दिसत होते. बातमी कळली ती अशी की चातुर्मास उठला की त्या जळगावला दोन दिवस थांबून पाळधी, एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला आणि तिथून शिरपूरकडं जाणार.

असा पायी विहार असला की गावोगावचे तरुण साध्वींच्या मागंपुढं चालतात, केशरी जाकिटं घालून, ट्रकवाल्यांना हात दाखवत. एका गावानं पुढच्या गावापर्यंत पोचवायचं, तिथून पुढचं गाव. जळगावच्या जैन संघात हे काम हितेंद्र बघतो. जळगाव ते पाळधी हा टप्पा जळगावचा. दलिचंदभाऊ सरळ त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, "सगळ्यात मागं मी राहणार. ट्रक आणि महासतीजींच्या मधे."

"काका, तुम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालवत नाही," हितेंद्र म्हणाला. खोटं नव्हतं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चालणं बंद, हवं तर सायकल चालवा. "गाडीत बसून या मागून. मंजूकाकी बायकांबरोबर चालतील."

गाडी लांब मागं राहते, दिवे उघडझाप करत. साध्वींच्या पाठीशी इंजिनाची घरघर नको म्हणून. तेवढ्या लांबून कुणाच्या आणि कुणाच्या मधे राहणार?

तेव्हा दलिचंदभाऊ गोदामात गेले आणि सायकल खाली काढली.

पहिल्याच दिवशी रेल्वेपुलाच्या उतारावर ते आपटले. जन्माची सवय, उतार लागला तसे पाय थांबवले. सायकलीनं थांबू दिलं नाही, उचलून फेकलं. कोपर सोलवटलेलं घेऊन ते भिलपुऱ्यात सायकलवाल्या हसीबच्या दुकानात गेले. हसीबनं सायकल उलटी करून चाक फिरवून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"शेठ, इस उमर में ये? फ्रीव्हील बसवून देतो. तासाभराचं काम."

"नको. तिनं ठेवलीय तशी राहू दे."

हे मला मंजूभाभींनी सांगितलं तेव्हा मी चिडून त्यांच्या अंगणात गेले. म्हटलं, दलिचंदभाऊ, हे वेड आहे. साधी सायकल घ्या आणि काय जायचं ते जा. त्यांनी मला शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावलं. साध्वी चालतात त्याच चालीनं मागं राहायचं असतं. पुढं जायचं नाही, फार मागंही पडायचं नाही. साधी सायकल माणसाच्या चालीनं चालवून बघा, डुगडुगते आणि पाय टेकवावा लागतो. ही पायांत असते. जितकं हळू म्हणाल तितकं हळू जाते, थांबा म्हटलं तर उभी राहते. "आणि बाई, माझा गुडघा असा आहे की एकदा पाय टेकला तर ओट्याशिवाय मला परत चढता येत नाही. हमरस्त्यावर ओटा कुठून आणू?"

हितेंद्रनं अट घातली होतीच. काका, पाय टेकला की गाडीत. तुमच्यासाठी विहार थांबणार नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच होता. जळगाव ते पाळधी, माणसाच्या चालीनं, पाय न टेकता. "पण सराव कुणाच्या मागं करू?" दलिचंदभाऊ म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले.

मी रोज सकाळी मेहरूण तलावावर फिरायला जाते.

त्या पावसाळ्यात जळगावनं जे दृश्य बघितलं ते सांगायला मला लाज वाटत नाही. पुढं मी, छत्री घेऊन, तरातरा. मागं दहा हातांवर दलिचंदभाऊ, झब्बा-लेंग्यात, लेंग्याला चेनीत जाऊ नये म्हणून सुतळी बांधलेली, त्या सडपातळ काळ्या सायकलवर, मुंगीच्या पायांनी. हसीबनं मागचं चक्र मोठं बसवून दिलं होतं, म्हणजे पाय हलके पडावेत. पुढचा ब्रेकही त्यानं नवा लावला, त्याबद्दल मात्र कुणाचं ऐकलं नाही. गावात कुजबूज सुरू झाली. तलावावर भाजी विकणारा पुना तर तोंडावरच म्हणाला, "बाई, हाऊ शेठ रोज तुमना मांगे काबर फिरी राहिना? सायकल बिघडेल शे का?"

"सायकल ठीक आहे," मी म्हटलं. "शेठ बिघडलाय. मेथी दे."

मेथी मला नको होती. पण रस्त्यात मधेच थांबायची सवय त्यांना व्हायला हवी होती, म्हणून मी वाटेल तिथं थांबायची आणि भाव करत बसायची. मागं दलिचंदभाऊ तोल सावरत. सुरुवातीला मी जुडी उचलेपर्यंतच ते गवतात. मग मी त्यांना धरून बाकापाशी न्यायची, बाकावर चढून ते पुन्हा सायकलवर. हळूहळू जुडी निवडून होईपर्यंत टिकायला लागले. नंतर पुनाशी माझं भांडण होईपर्यंत. पुनालाही चेव चढला, तो मुद्दाम भांडण लांबवायला लागला आणि मधूनच शेठकडं बघून ओरडायचा, "शाबास नाना! आजून जराखा!"

पण त्यांची एक खोड जाईना. तोल जायला लागला की नजर खाली चाकावर जायची, आणि चाकावर गेली की संपलंच. मी ओरडायची. त्यावर ते एकदा बाकावर बसून घाम पुसत म्हणाले, "जिनल हेच सांगायची. चाकाकडं बघू नका, समोर बघा, मी धरलंय. पहिल्या दोन गोष्टी काय, कुणीही सांगेल, बाई. जमायचं ते तिसरीमुळं."

मग हसले, आणि डोळे पुसले त्याच रुमालानं. मला हा माणूस फार आवडतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. इथं सांगते.

कार्तिकी पौर्णिमेनंतर गुरुणीजी जळगावला आल्या आणि दोन दिवसांनी सूर्य उगवल्यावर जैन स्थानकातून निघाल्या. तीन साध्वी. पुढं वयस्कर गुरुणीजी, मागं दोघी, आणि शेवटची निरामयाश्रीजी. बाजूनं बायका, त्यांत मंजूभाभी पाण्याचा तांब्या घेऊन, आणि मीही. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी एवढी मेथी उगाच विकत घेतली नव्हती. हितेंद्रची पोरं पुढं आणि बाजूला. सगळ्यात मागं केशरी जाकीट घातलेले दलिचंदभाऊ. स्थानकाच्या ओट्यावरून ते सायकलवर चढले. हितेंद्रनं मान हलवली. तो हसला नाही, त्याबद्दल मी त्याला मनातल्या मनात पास केलं.

निरामयाश्रीजींनी मागं वळून बघितलं नाही. बघतच नाहीत त्या. पायाखाली जीव येऊ नये म्हणून साध्वींची नजर सतत पुढच्या चार हात जमिनीवर असते. पण आम्ही चाललो होतो मावळतीकडं आणि ऊन होतं पाठीवर. त्यामुळं आमच्या सगळ्यांच्या लांबच लांब सावल्या आमच्या पुढं पसरल्या होत्या, आणि त्यांत एक सावली सायकलची होती. तिचे पाय एक क्षणही थांबत नव्हते. ते बघून ती कुठली सायकल, हे जिला कळायचं तिला कळलंच असणार. मला वाटलं, चाल किंचित हळू झाली. कदाचित नसेलही झाली.

ट्रक जात होते. प्रत्येक ट्रकच्या वाऱ्यानं दलिचंदभाऊंचा झब्बा फुगायचा आणि मी मागं वळून बघायची. ते मात्र समोर बघत होते. रस्ता ओलांडायला घाबरणारा तो माणूस उजवा हात बाहेर काढून ट्रकवाल्यांना 'तिकडून घे' म्हणून खुणावत होता.

बांभोरीच्या अलीकडं, गिरणेचा पूल दिसायला लागला तिथं, गुरुणीजी एकदम थांबल्या. टाचेत बाभळीचा काटा रुतला होता, आतपर्यंत. त्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या. निरामयाश्रीजी खाली मातीत बसून त्यांचा पाय मांडीवर घेऊन काटा काढायला लागल्या. सगळे थांबले. मागं दलिचंदभाऊही थांबले.

काटा मोडला होता. टोक आत.

मेथीची जुडी निवडून झाली. पुनाशी भांडण होऊन गेलं. काटा निघेना. दलिचंदभाऊंच्या पोटऱ्यांचे स्नायू थरथरायला लागलेले मला दिसले. सायकल चार बोटं पुढं, चार बोटं मागं. जवळ ना बाक, ना ओटा. एकच दगड, त्यावर गुरुणीजी. आम्ही बायका पुढं होतो. पोरांपैकी एकजण सायकल धरायला म्हणून सरसावला, तर दलिचंदभाऊंनी मानेनंच नको म्हटलं. हँडल लटपटायला लागलं. मंजूभाभींनी पदर तोंडात धरला. आणि मग दलिचंदभाऊंची नजर खाली गेली. चाकावर. संपलं, असं मी मनात म्हटलं.

सायकलची सावली निरामयाश्रीजींच्या हातांवर पडली होती. गुरुणीजींच्या टाचेवर ती डाव्या-उजव्या अंगाला झुलत होती. निरामयाश्रीजींचे हात जागच्या जागी थांबले. मान वर झाली नाही. मुहपत्तीच्या आडून आवाज आला, आणि तो आवाज मी कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

"श्रावकजी, चाकाकडं बघू नका. समोर बघा."

एवढंच. मंजूभाभींनी डोळे मिटून घेतले. मी तिसऱ्या वाक्याची वाट बघत राहिले, आणि ते येणार नाही हे मला माहीत होतं. साध्वीला ते म्हणता येत नाही. ती कुणाला धरत नाही.

दलिचंदभाऊंनी नजर उचलली. समोर पूल होता, पुलावर ऊन होतं. हँडल हळूहळू थांबलं. किती वेळ ते तसे उभे होते मला सांगता येणार नाही. मग निरामयाश्रीजींनी काट्याचं टोक दोन बोटांत धरून बाहेर काढलं. गुरुणीजींनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग त्या सावलीकडं, आणि उठून चालायला लागल्या. पायडल फिरलं.

पाळधीचे लोक वेशीवर केशरी जाकिटं घालून उभे होते. गुरुणीजींनी निरोपाचं मांगलिक म्हटलं, सगळ्यांनी हात जोडले. दलिचंदभाऊंनी सायकलवरूनच जोडले. "दया पालो," निरामयाश्रीजी म्हणाल्या, सगळ्यांना म्हणतात तसंच. पांढरी वस्त्रं वळणाआड जाईपर्यंत ते सायकलवरच राहिले. मग पाय टेकला, गुडघा दुमडला आणि ते सायकलसकट माझ्या अंगावर आले. मी आणि मंजूभाभींनी मिळून त्यांना एका पारावर बसवलं.

"लागलं का?" मी विचारलं.

ते समोरच बघत होते, रस्त्याच्या वळणाकडं.

"नाही. मला वाटलं होतं बाई, पुलापाशी पडतो म्हणून," ते म्हणाले. "पण पडलो नाही. तिनं मागून धरलं होतं ना."

जिनल पुढं होती आणि मागं कुणीही नव्हतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी त्यांना दुरुस्त केलं नाही.